तबकड्या घ्याव्यात की नाही

पुणे,
१४ जून

प्रिय अनंत यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वहिनींच्या गुडघ्याचे दुखणे आटोक्यात आले हे वाचून हायसे वाटले. आज मात्र मी एका वेगळ्याच गोष्टीसाठी लिहीत आहे. फोनवर ती गोष्ट धड बोलता आली नसती, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारावे असेही मला वाटत नाही.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त प्राध्यापक राहत असत, ते गेल्या वर्षी वारले. त्यांचे चिरंजीव आता फ्लॅट विकून बंगळुरूला जात आहेत आणि वडिलांच्या ध्वनिमुद्रिकांचे काय करावे हा त्यांच्यापुढे प्रश्न आहे. सुमारे साठ एलपी म्हणजे मोठ्या तबकड्या, थोड्या ईपी म्हणजे लहान तबकड्या आणि लाखेच्या जुन्या तबकड्यांची एक लाकडी पेटी, एवढा तो ऐवज आहे. रद्दीवाल्याला द्यायला त्यांचे मन धजत नाही आणि जुन्या बाजारात नेऊन घासाघीस करायला वेळ नाही, तेव्हा "काका, तुम्ही गाणे ऐकता, तुम्हीच घ्या, योग्य वाटेल ते द्या" असे म्हणून त्यांनी तो माझ्या गळ्यात घालायचे ठरवले आहे. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचे आहे. या तबकड्या घेतल्या की त्या वाजवायचे यंत्र म्हणजे टर्नटेबल आले, ते आले की आणखी तबकड्या आल्या, हे तुला सांगायला नको. त्यामुळे या साठांपेक्षाही, हा छंद या वयात लावून घ्यावा की नाही हाच खरा प्रश्न आहे.

या छंदाच्या बाजूने जी कारणे नेहमी सांगितली जातात, त्यांतली दोन मला पटत नाहीत. पहिले कारण आवाजाचे. तबकडीचा आवाज सीडीपेक्षा श्रेष्ठ असतो असे पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात, पण अतिशय हळू आणि अतिशय मोठा आवाज यांतले अंतर पकडण्याची ताकद सीडीत ९६ डेसिबलच्या आसपास असते, तर उत्तम तबकडीतही ती ६० ते ७० च्या पुढे सहसा जात नाही. तबकडीचा आवाज कोणाला ऊबदार वाटत असेल तर त्याने तो खुशाल आनंदाने ऐकावा, पण त्याला शास्त्राचा दाखला जोडू नये. दुसरे कारण असे की तबकडीमुळे माणूस शांत बसून ऐकायला शिकतो. अनंता, त्यासाठी वीस-पंचवीस हजारांचे यंत्र कशाला हवे? मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला तरी तेवढे काम होते. अमेरिकेत २०२२ साली नगांच्या हिशेबात तबकड्यांची विक्री सीडीपेक्षा जास्त झाली, आणि १९८७ नंतर असे प्रथमच घडले, हे मी वाचले आहे. पण त्यांतल्या कितीतरी नव्या तबकड्या मुळात संगणकावरच्या ध्वनिमुद्रणातून काढलेल्या असतात. त्यांचे मला काडीचे आकर्षण नाही.

मला मोह पडला तो कव्हरांच्या मागच्या बाजूंचा. प्राध्यापकांच्या घरी जमिनीवर बसून एकेक एलपी उलटी करून पाहत होतो. राग, ताल, बंदिशीचे शब्द, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, सारंगी असेल तर तिच्यावर कोण, हे सगळे तिथे छापलेले असते. आपण आता ज्या अॅपवर गाणे ऐकतो तिथे गायकाचे नाव मिळते, रागाचे नाव नशिबाने मिळते, आणि साल म्हणून कोणीतरी ते चढवल्याचे साल मिळते. साथीदारांचा तर पत्ताच नसतो. तू आयुष्यभर पेटीची साथ केलीस, म्हणून तुला यातली चीड अधिक समजेल. इतकी वर्षे कानात बसलेल्या एका ध्वनिमुद्रणातला ठेका कोणाचा, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

दुसरी ओढ खुद्द एलपी या प्रकाराची आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हापासून पुढे अर्धे शतक आपल्या गायकांना साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर राग उभा करावा लागला. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी एलपी आली, साठच्या दशकापर्यंत ती आपल्याकडे रुळली, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. एवढ्या वेळात संथ विलंबित आणि जलद द्रुत मिळून एक आटोपशीर, पण पोट भरेल असा ख्याल होतो. तीन मिनिटांत सारांश मिळतो आणि प्रत्यक्ष मैफलीत तासाभराचा विस्तार मिळतो. एलपीवर त्यांच्या मधले काहीतरी आहे, गायकाने मुद्दाम त्या मापाचे केलेले, आणि ते मला स्वतंत्रपणे आवडते.

आता अडचणीकडे येतो, आणि ही अडचण ख्यालालाच सर्वांत जास्त जाचते. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण सुई जसजशी आत सरकते तसतसा चराचा, म्हणजे सुई ज्या खाचेतून जाते तिचा, वेढा लहान होत जातो. बाहेरच्या कडेला सुईखालून दर सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर चर जातो, तर लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाची नक्षी निम्म्याहून कमी जागेत दाटीने बसवलेली असते, त्यामुळे झीज आणि फाटका आवाज पहिल्यांदा आतल्या वेढ्यांत प्रकट होतात. चित्रपटगीतांच्या एलपीत आत एखादे गाणे येते, ते बिघडले तर बाकीची तरी शाबूत राहतात. ख्यालात मात्र आलापी बाहेर आणि ताना, तारसप्तक, द्रुताचा कळस हे सगळे नेमके आत. त्या गठ्ठ्यात किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्री या रागांची एलपी आहे. भूपातली विलंबित बंदिश संपून 'सहेला रे' सुरू होते तेव्हा सुई बरीच आत आलेली असते. ज्यासाठी ती तबकडी घ्यायची, तेच धोक्याच्या पट्ट्यात आहे.

म्हणून मी खिडकीपाशी नेऊन प्रत्येक तबकडी तिरपी धरून पाहिली. कव्हरमधून काढताना पडलेले केसासारखे ओरखडे दिसायला वाईट, पण ऐकायला फारसे त्रासदायक नसतात. खरी भीती करड्या, निस्तेज पट्ट्याची. पूर्वी घरोघरी जे पेटीसारखे छोटे प्लेअर असत, त्यांच्या सुईचा भार चार-पाच ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त असे, आणि सुई वर्षानुवर्षे बदलली जात नसे. आजच्या चांगल्या टर्नटेबलवर हा भार दीड ते अडीच ग्रॅम ठेवतात. बोथट सुईने एकदा खरवडलेला चर कितीही धुतला तरी परत येत नाही. प्राध्यापकांचे हात जपणारे असावेत, कारण बहुतेक तबकड्या आतपर्यंत काळ्याभोर आणि चकचकीत आहेत. काहींवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत, पण शुद्ध केलेल्या पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ कापडाने चराच्या दिशेने पुसले तर ते जातील.

यंत्राबाबत माझी चिंता तुझ्या कानाची आहे. स्वस्त यंत्रे सांगितलेल्या वेगाने फिरतातच असे नाही. वेग तीन टक्क्यांनी वाढला की पेटीवरच्या काळी एक या पट्टीत गाणारा गायक काळी एक आणि शेजारची पांढरी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतो. गाण्याची मजा कदाचित टिकेल, पण त्याच्याबरोबर पेटी काढून बसावे म्हटले तर बसता येणार नाही. तबकडीचे भोक मधोमध पडलेले नसेल तर आणखी वेगळी गंमत होते. ठेक्याच्या गाण्यात ते लक्षातही येत नाही, पण गायकाने षड्ज लांबवला की दर १.८ सेकंदांनी, म्हणजे प्रत्येक फेरीला, तो किंचित हेलकावतो. किराणा घराण्याचे, लांबवलेल्या सुरांचे गाणे ऐकणाऱ्याने तरी ही परीक्षा केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

लाखेच्या तबकड्यांबाबत माझे मन ठरले आहे. त्या मी ठेवणार नाही. त्यांना मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग आणि एलपीच्या चौपट रुंद सुई लागते, हातातून पडल्या तर काच फुटावी तशा फुटतात, आणि स्पिरिटने पुसायला गेलो तर लाखच विरघळते. अल्लादियाखाँसाहेब आणि भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गायकांचा आवाज एकाही तबकडीवर आपल्याला मिळाला नाही. अशा काळातले जे उरले आहे त्याची हेळसांड माझ्या हातून व्हायला नको. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जाणत्या संग्राहकांची संस्था आहे. ती पेटी अशाच कोणाकडे जावी असे मी चिरंजीवांना सुचवले आहे आणि त्यांनी ते मानलेही आहे.

जागेचा प्रश्न घरात निघालाच. शंभर एलपी म्हणजे कव्हरांसकट वीस-पंचवीस किलो वजन आणि कपाटातला सव्वा-दीड फुटांचा खण. शिवाय त्या उभ्याच ठेवायला हव्यात, एकीवर एक आडव्या रचल्या की वाकतात. माळ्यावर टाकायची सोय नाही, पत्र्याखालच्या उन्हाळ्यात त्यांच्या पापडाच्या लाट्या होतील. आमच्या घरी हिचे म्हणणे एवढेच आहे की एक खण देते, दुसरा मागायचा नाही. मला ही अट सोयीची वाटते. त्या एका खणात मावतील तेवढ्याच, आणि त्याही ख्यालाच्या व नाट्यसंगीताच्याच घ्यायच्या, नवी आणायची असेल तर आधी एक कोणाला तरी देऊन टाकायची. चित्रपटगीतांच्या एलपी मी यातून काढून टाकतो आहे. मी बाजारात जेवढे पाहिले त्यात त्यांचेच भाव चढे आहेत, आणि ती गाणी मला रेडिओवरच बरी वाटतात.

तेव्हा माझा कल घेण्याकडे आहे, हे तू ओळखले असशील. साठांतल्या पस्तीस-चाळीस ठेवीन, बाकीच्या इच्छुकांना देईन, आणि चिरंजीवांना रद्दीचा नव्हे तर रास्त भाव देईन. घोडे अडले आहे ते यंत्रापाशी. सुई ज्यात बसवलेली असते त्या कार्ट्रिजमधून निघणारा विद्युतसंकेत काही मिलिव्होल्टचाच असतो, शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तीव्र स्वर उचललेले असतात. हे उलटे करून मूळ तोल परत आणणारे सर्किट अॅम्प्लिफायरमध्ये नसेल तर वेगळा डबा विकत घ्यावा लागतो. तुमच्या दिवाणखान्यात पूर्वी जो मोठा अॅम्प्लिफायर होता आणि जो वहिनींनी माळ्यावर चढवला, त्याच्या मागच्या बाजूला 'फोनो' असे लिहिलेली दोन भोके आणि शेजारी तारेसाठी एक छोटा स्क्रू आहे का, ते कृपा करून पाहा. असेल तर तो तू मला विकतोस की उसना देतोस, आणि तो चालू आहे की नुसताच जड आहे, हे या आठवड्यात कळव. शक्य झाल्यास पुढच्या रविवारी तुझी वाजवायची पेटी घेऊनच ये. चिरंजीवांकडचे प्राध्यापकांचे टर्नटेबल अजून फिरते असे ते म्हणतात. त्याचा वेग तुझ्या काळी एकशी जुळतो की नाही ते पाहू, आणि जुळला तर तेही मागून घेऊ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत