प्रायमाव्हेराचा दुसरा वर्ग : रविवारी जळगावला

सभासद मंडळींनो, राम राम.

प्रायमाव्हेरा पी-सिक्सचा, म्हणजे बांधकामाचं वेळापत्रक आखायच्या सॉफ्टवेअरचा, दुसरा वर्ग येत्या रविवारी सकाळी १० वाजता, जळगावला नेहमीच्याच हॉलमध्ये. धुळे-नंदुरबारच्या मंडळींनी गाडी एकत्र करावी. लॅपटॉपसोबत चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्डही आणा. मागच्या वेळी एकाच सॉकेटवर सहा जण लटकले होते.

मागच्या वर्गात बहुतेकांचं घोडं कॅलेंडरवर, म्हणजे कामाचे दिवस-तास ठरवण्यावर, अडलं. सॉफ्टवेअरला आपला पावसाळा ठाऊक नाही. नाल्यातलं खोदकाम जून ते सप्टेंबर बंद, पोळ्याला मजूर गावी, हे सगळं आपणच भरायचं. मी एका बंधाऱ्याच्या कामात ते भरलंच नाही. कागदावर जुलैत काँक्रीट पडलं, साइटवर कमरेइतकं पाणी.

दुसरी गोम लॅगची, म्हणजे एक काम संपल्यावर पुढचं सुरू करण्याआधी थांबायच्या वेळेची. साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबचे टेकू साधारण ७ दिवस काढायचे नाहीत, त्याहून मोठ्याचे १४. सिमेंट रविवारी सुटी घेत नाही, म्हणून लॅगला २४ तासांचं कॅलेंडर लावा. पण मग लॅग १६८ तास असा लिहा. नुसते ७ दिवस लिहिलेत, तर ८ तासांच्या दिवसाने तो ५६ तासच धरतो आणि टेकू तिसऱ्याच दिवशी निघतात!

आपल्या चालू कामातल्या वीसेक ॲक्टिव्हिटी (सुटी सुटी कामं), कशानंतर काय ते जोडून, वहीत लिहून आणा. कोऱ्या हाताने आलात तर नुसता चहा मिळेल.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या मोजक्याच आहेत.