सूचीचा खंड कुठे आहे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेल्जियममधल्या लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठाला सहाशे वर्षे झाल्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख दोनदा वाचला. माहिती चांगली जमवली होती. (तिथले लोक गावाचे नाव ओठांचा चंबू करून 'ल्योव्हन' असे काहीतरी घेतात, पण ते आपल्या लिपीत नीट बसत नाही. सोडून देऊ.) मात्र शेवटी, 1968 मध्ये विद्यापीठ भाषेवरून दुभंगले तेव्हा ग्रंथालयातली पुस्तके सम-विषम आकड्यांवर वाटली, 'अगदी विश्वकोशाचे पहिला, तिसरा, पाचवा खंड इकडे आणि दुसरा, चौथा, सहावा तिकडे', असे लिहून लेखकाने हशा पिकवला आहे. मी 36 वर्षे पुण्यातल्या एका ग्रंथालयात दाखल नोंदवही सांभाळली. मला हसू आले नाही, आणि त्या वाक्यातली चूक मात्र खटकली.

लूव्हेनची सम-विषम वाटणी झाली ती शेल्फमार्कावर. पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर, हे सांगणारा तो आकडा. वीस खंडांचा संच असला तरी त्याला सहसा एकच शेल्फमार्क असतो, खंडाचा आकडा पुढे वेगळा येतो. म्हणजे शेल्फमार्क सम की विषम हे पाहून वाटणी केली, तर संच जिकडे जाईल तिकडे अख्खा जातो. एका विषयाच्या शेजारशेजारच्या पुस्तकांची ताटातूट होते, ते वाईटच. पण संच फुटत नाही. संच फुटतो दाखल क्रमांकावर वाटणी केली की. दाखल क्रमांक प्रत्येक खंडाला वेगळा. पुस्तक ज्या दिवशी दारातून आत आले, त्या दिवशी नोंदवहीत पुढचा जो आकडा रिकामा असेल तो त्याला मिळतो. विषयाशी, कपाटाशी त्याचे काही नाते नाही. हा फरक विसरला की काय होते, ते पाहायला मला बेल्जियमला जावे लागले नाही. पण आधी बेल्जियमचे सांगतो, कारण मी तिकडेही जाऊन आलो.

माझे जावई लूव्हेनला चिपच्या संशोधनात आहेत. 2023 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे सहा आठवडे त्यांच्याकडे होतो. जावईबापू सकाळी सायकलवर टांग मारून जात, मी ग्रंथालयासमोरच्या चौकात जाऊन बसे. चौकाच्या मधोमध एका उंच सुईवर भलामोठा हिरवा भुंगा टोचून उताणा केलेला आहे. विद्यापीठाच्या 575 वर्षांनिमित्त गावाला दिलेली ती भेट. आमच्या सौ. म्हणाल्या, "मग सहाशेला काय टोचणार?"

मी पाहायचो ते भिंती. ग्रंथालयाच्या दगडांवर अमेरिकेतल्या विद्यापीठांची, कॉलेजांची, शाळांची नावे कोरलेली आहेत. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची असतात तशीच. कारण ही इमारत वर्गणीतून उभी राहिलेली. मूळचे ग्रंथालय गावातल्या जुन्या कापड बाजाराच्या वास्तूत होते. 25 ऑगस्ट 1914 च्या रात्री जर्मन सैन्याने गाव पेटवले, त्यात सुमारे 3 लाख ग्रंथ आणि शेकडो हस्तलिखिते जळली. गावातली 248 माणसे मारली गेली, हे आधी सांगायला हवे होते; पुस्तकवाल्यांना पुस्तके आधी आठवतात, क्षमा असावी. पुढे व्हर्सायच्या तहात या ग्रंथालयाची भरपाई एका कलमात नावानिशी घातली गेली, 247 व्या. जळाले तितक्या संख्येची आणि किमतीची पुस्तके, हस्तलिखिते, नकाशे जर्मनीने भरून द्यायचे. ग्रंथालयाची नुकसानभरपाई आंतरराष्ट्रीय तहात लिहिलेली मला दुसरी आठवत नाही.

1928 मध्ये नवी इमारत उघडली तीही भांडत. अमेरिकन वास्तुविशारद व्हिटनी वॉरन यांना दर्शनी कठड्यावर लॅटिनमध्ये कोरायचे होते, 'जर्मन उन्मादाने पाडले, अमेरिकन दानाने उभे केले'. कुलगुरू म्हणाले, विद्येच्या घरावर असले काही नको. कठडा कोरा बसवला. बांधकामावरच्या एका मुकादमाने, जो शिलालेखाच्या बाजूचा होता, तो फोडून टाकला. कोरा तो कोराच राहिला. आणि मग मे 1940 मध्ये पुन्हा युद्ध, पुन्हा आग, या वेळी 9 लाखांच्या आसपास ग्रंथ गेले. इमारत पुन्हा जुन्या नकाशाबरहुकूम बांधली. मी बसायचो ती ही.

आता सहाशे वर्षांबद्दल. डिसेंबर 1425 मध्ये पाचव्या मार्टिन पोपने ब्राबांतच्या ड्यूकच्या विनंतीवरून विद्यापीठाला सनद दिली. गंमत म्हणजे त्यात धर्मशास्त्र नव्हते! पोपची सनद, आणि धर्मशास्त्र शिकवायची मान्यता 1432 मध्ये दुसऱ्या पोपकडून. आमच्या एका मास्तर मित्राला विनाअनुदानित तुकड्या आठवल्या. पुढे इरॅस्मसच्या प्रेरणेने तिथे लॅटिन, ग्रीक, हिब्रू अशा तीन भाषांचे महाविद्यालय निघाले, नकाशेवाला मर्केटर तिथेच शिकला, शरीररचनेचा व्हेसेलियसही. 1797 मध्ये फ्रेंच राजवटीने विद्यापीठ बंदच करून टाकले. आजचे कॅथलिक विद्यापीठ बेल्जियमच्या बिशपांनी 1834 मध्ये दुसऱ्या गावी, मेखलेनला काढले आणि पुढच्या वर्षी लूव्हेनला आणले. तेव्हा मधला खाडा धरून सहाशे की न धरता, हा वाद पुण्यात असता तर अजून रंगला असता. पुण्याचेही एक बारीक सूत त्यात आहे. नगर रस्त्यावर रामवाडीजवळची पेपल सेमिनरी मुळात तेराव्या लिओ पोपने 1893 मध्ये श्रीलंकेत कँडीला स्थापलेली; 1955 मध्ये ती इथे आली. याच पोपच्या आग्रहावरून लूव्हेनमध्ये 1889 साली तत्त्वज्ञानाची संस्था सुरू झाली होती.

1968 चे भांडण भाषेचे. गाव फ्लेमिश, म्हणजे डच बोलणारे. विद्यापीठ पिढ्यान् पिढ्या फ्रेंचमध्ये शिकवणारे. डचमध्ये शिकवण्याची सोय हळूहळू झाली, पण एका घरात दोन चुली कुठवर चालणार? 1966 मध्ये बिशपांनी विद्यापीठ एकच राहील असे बजावले, त्याने आगीत तेल पडले. 'वालोन (म्हणजे फ्रेंच बोलणारे बेल्जियन), चालते व्हा' अशा घोषणा देत फ्लेमिश विद्यार्थी रस्त्यावर आले आणि फेब्रुवारी 1968 मध्ये त्यावरून देशाचे सरकार पडले. फ्रेंच विद्यापीठासाठी शेतजमिनीवर नवे गावच वसवले, लूव्हें-ला-नव्ह. 1971 मध्ये त्याची पायाभरणी झाली. विश्वाचा जन्म एका आद्य अणूतून झाला हे मांडणारे पाद्री प्राध्यापक लमेत्र जुन्या, अखंड लूव्हेनचेच. ते 1966 मध्ये वारले म्हणून आपल्या विद्यापीठाची फूट त्यांना पाहावी लागली नाही.

लेखातल्या 'भाषेसाठी एवढा आटापिटा' या शेऱ्याला माझा विरोध आहे. फादर कामिल बुल्के याच फ्लेमिश मातीतले, याच लूव्हेनला इंजिनियरिंग शिकलेले. घरी फ्रेंचचा तोरा पाहिलेला हा माणूस 1935 मध्ये भारतात आला आणि अलाहाबादला रामकथेवरचा प्रबंध हिंदीतूनच देणार म्हणून अडून बसला. विद्यापीठाला त्यासाठी नियम बदलावा लागला. भाषेचे भांडण खरे होते. वाटणी कशी केली एवढाच प्रश्न.

आता इथले. आमच्या ग्रंथालयात केतकरांच्या ज्ञानकोशाचा 23 खंडांचा जुना संच होता. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले, तेव्हा मी अकरा वर्षांचा. पाणी ग्रंथालयात शिरले आणि सर्वांत खालच्या फळीवरचे 19 ते 23 हे खंड गेले. 1972 मध्ये मी कामाला लागलो तेव्हा जुन्या ग्रंथपालांनी त्यातला एक दाखवण्यासाठी ठेवला होता. पाने चिकटून वीट झालेली, वरच्या कडेपर्यंत गाळाची तपकिरी रेघ. नोंदवहीत त्या पाच आकड्यांपुढे हिरव्या शाईत, '12-7-61 च्या पुरात नष्ट. खारीज.' पुरानंतर सहा वर्षांनी, 1967 मध्ये, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून हेच पाच खंड मिळवून संच पुरा केला. रेक्झिनची बांधणी जरा वेगळ्या रंगाची होती, बाकी कुणाला फरक कळला नसता. फक्त पहिल्या अठरा खंडांचे दाखल क्रमांक चार आकडी आणि या पाचांचे 31 हजारांच्या घरातले.

2005 मध्ये नदीपलीकडे नवी इमारत झाली. जागा कमी, पुस्तके फार. समितीने ठरवले, 25 हजारांपर्यंतचे दाखल क्रमांक जुन्या इमारतीत, पुढचे नव्या. 'जुनी पुस्तके जुन्यात, नवी नव्यात', इतके सोपे वाटले की बैठक चहा यायच्या आत संपली. मी टिपण दिले. त्यावर शेरा आला, 'पाहिले'. बारा दिवसांत टेंपो भरभरून पुस्तके गेली आणि त्यात 19 ते 23 हे खंडही गेले. ज्ञानकोश वापरणाऱ्यांना ठाऊक असेल की 22 वा खंड सूचीचा आहे.

पुढच्याच महिन्यात एक निवृत्त शिक्षिका जुन्या इमारतीत आल्या. त्यांना एका गावाची नोंद हवी होती. म्हणाल्या, "सूची द्या." मी त्यांना पीएमटीने नदीपलीकडे पाठवले. दोन बस बदलून गेल्या, सूचीतला खंड आणि पान बसच्या तिकिटाच्या मागे लिहून घेतले, आणि संध्याकाळी बंद व्हायच्या दहा मिनिटे आधी परत आल्या. मी खंड काढून दिला. त्या काही बोलल्या नाहीत. पुन्हा आल्याही नाहीत.

5 जानेवारी 2004 ला भांडारकर संस्थेत मोडतोड झाली, तेव्हा आम्ही काही जण कागद वेचून लावायला गेलो होतो. नुकसान समोर दिसत होते, माणसे आपणहून येत होती. आमच्याकडे दरवर्षी साठा तपासणी होते. दोन्ही इमारतींत प्रत्येक दाखल क्रमांक जिथे असायला हवा तिथे असतो, एकही पुस्तक हरवलेले नाही, असा अहवाल जातो. मी स्वतः 2008 पर्यंत त्यावर सही केली आहे.

हे आता लिहायचे कारण असे की जुनी इमारत पुनर्विकासाला जाणार आणि पुस्तकांची खोकी बांधायला घेतली आहेत, असे कानावर आले. संस्थेचे नाव मी देत नाही, चालकांना ते कळेल. खोकी दाखल क्रमांकावर बांधू नका, विषयाप्रमाणे दिलेल्या वर्गांकावर बांधा. आणि त्याआधी नव्या इमारतीतले ते पाच खंड अठरांशेजारी आणून ठेवा. पाच खंड एका रिक्षात मावतात. भाडे मी देईन.

आपला,
एक निवृत्त ग्रंथालय सहायक,
नारायण पेठ, पुणे