ब्रासचे टन कोणत्या घनतेने?

संपादक महोदय,

वाळूच्या दराची बातमी असली की ब्रास आणि टन एकाच वाक्यात येतात, पण एकाचे दुसरे करताना कोणती घनता धरली, ते कुठेच छापलेले नसते. ब्रास हे आकारमान, टन हे वजन. मध्ये घनता येते आणि वाळूची घनता तर एका पावसाच्या सरीने बदलते.

2023 च्या वाळू धोरणात दर होता 600 रुपये ब्रास, म्हणजेच 133 रुपये टन. भागाकार केला की ब्रासला साडेचार टन निघतात. आकडा चुकीचा नाही. ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात 2.83 घनमीटर. कोरडी, सैल भरलेली नदीची वाळू घनमीटरला साधारण 1600 किलो भरते, गुणाकार 4.53 टन. जुन्या इंग्रजी कोष्टकांत हीच घनता घनफुटाला 100 पौंड अशी असते. पौंड 0.4536 किलो आणि घनफूट 0.02832 घनमीटर, म्हणून घनफुटाच्या पौंडांना 16.02 ने गुणले की घनमीटरचे किलो मिळतात. पडताळा पाण्यावर घ्यावा : 62.4 पौंडांचे 1000 किलो झाले की गुणक बरोबर.

पण हे सगळे कोरड्या वाळूचे झाले. वाळूत चार-पाच टक्के ओल असली की कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. बारीक वाळू 25 टक्के सहज फुगते, कधी त्याहून जास्त. तेव्हा ब्रासभर मोजून घेतलेल्या वाळूत खरी वाळू 80 घनफूटच असते आणि काट्यावर तो ब्रास 4.53 ऐवजी 3.8 टनांच्या आसपास भरतो. गिऱ्हाईक म्हणते काटा मारला, डेपोवाला म्हणतो माप पुरे आहे. दोघेही खरे बोलत असतात! उलट पात्रातून नुकतीच काढलेली, पाणी निथळणारी वाळू फुगलेली नसते. तिच्यात 15 टक्के पाणी धरले तर ब्रास 5.2 टनांवर जातो. अशी वाळू टनावर घेणारा पाण्याचेही पैसे मोजतो. दमट वाळू टनावर घ्यावी, निथळती ब्रासवर, इतके लक्षात ठेवले तरी बरेचसे नुकसान टळते.

फुगवटा साइटवरच मोजता येतो. काचेच्या सरळ भांड्यात ओली वाळू सैल भरून 200 मिलीच्या खुणेपर्यंत सपाट करावी. ती काढून घ्यावी, भांडे निम्मे पाण्याने भरावे, वाळू हळूहळू परत सोडून ढवळावी आणि बसू द्यावी. पातळी 160 वर आली तर फुगवटा 25 टक्के. चाळीसला 200 ने नव्हे, 160 ने भागायचे. इथे पुष्कळजण चुकतात. घनता काढण्यासाठी बादली पुरते. रिकामी बादली तोलावी, मग काठोकाठ पाणी भरून. फरकाचे जितके किलो तितके तिचे लिटर. त्याच बादलीत वाळू न ठोकता भरून, फळीने सपाट करून तोलावी. 15 लिटरच्या बादलीत निव्वळ 24 किलो वाळू मावली तर लिटरला 1.6 किलो, म्हणजे घनमीटरला 1600. बादली आपटून भरली की आकडा वाढतो आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

मोबाइलवरचे गणकही जपून वापरावेत. अमेरिकी गणक घनयार्डाला 1.35 टन दाखवतात. ब्रासमध्ये 3.7 घनयार्ड, म्हणून उत्तर येते 5 टन. पण तो टन 2000 पौंडांचा, 907 किलोचा असतो. फरक थेट दहा टक्क्यांचा. दुसरी चूक वाळूचे विशिष्ट गुरुत्व 2.65 धरण्याची. ती कणाची घनता झाली, ढिगाची नव्हे. तिने ब्रास साडेसात टनांचा होतो.

ट्रकच्या हौद्याचे माप घेतानाही एक गोष्ट सुटते. 14 फूट लांब, साडेसात फूट रुंद, 4 फूट उंच हौद्यात 420 घनफूट, म्हणजे 4.2 ब्रास मावतात. वाटेतल्या हादऱ्यांनी वाळू तीन इंच बसली की साइटवर पाव ब्रास कमी दिसतो. वाळू मात्र तेवढीच असते. त्यामुळे माप कुठे घ्यायचे, भरताना की उतरवताना, हे आधीच ठरवून घ्यावे.

2009 च्या वैध मापन कायद्यानुसार प्रमाणित नसलेल्या एककात दर सांगता येत नाही आणि ब्रास प्रमाणित एकक नाही. व्यवहारातून तो लगेच जाईल असे वाटत नाही. तोवर डेपोच्या पावतीवर ब्रासशेजारी घनमीटर, काट्याचे निव्वळ वजन आणि भरताना वाळू कोरडी, दमट की निथळती होती, एवढे छापणे सक्तीचे करावे. बातमीतही रूपांतर दिले असेल तर 'कोरड्या वाळूसाठी घनमीटरला 1600 किलो धरून' अशी अर्धी ओळ आपण जोडावी, ही विनंती.

— एक स्थापत्य अभियंता