पाय टेकतात का, ते आधी बघा

महोदय,

सायकल खरेदीविषयीचे लेख मी आवडीने वाचते. गिअर किती असावेत, फ्रेम कसली असावी, ब्रेक डिस्कचे घ्यावेत की साधे, सगळं त्यांत असतं. पण ते ज्याला सायकल येते त्याच्या उपयोगाचं. मी ५१व्या वर्षी सायकल शिकले आणि पहिली सायकल चुकीची घेतली, म्हणून हे पत्र.

माझी उंची ५ फूट १ इंच. दुकानदाराने १८ इंची फ्रेमची, २१ गिअरची, पुढे शॉकॲब्सॉर्बर असलेली सायकल दाखवली. बसून पाहिलं तर एकाच पायाचा अंगठा जेमतेम जमिनीला लागत होता. ‘होईल सवय’, ते म्हणाले. मीही मान डोलावली. पहिल्याच आठवड्यात तोल गेला आणि पाय जमिनीला लागेपर्यंत सायकल इतकी कलली की सावरता येईना. कोपर सोललं, ते आठ दिवसांत भरून आलं. धास्ती मात्र सात महिने गेली नाही. तेवढे दिवस सायकल जिन्याखाली पडून होती.

शिकणाऱ्याचा तोल जाणारच. त्या वेळी पटकन पाय टेकता येणं हाच त्याचा आधार. म्हणून सीट खाली केल्यावर बसल्या जागी दोन्ही तळपाय टाचांसकट टेकले पाहिजेत. सरावलेला माणूस सीट बरीच वर ठेवतो, पेडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ आणि गुडघ्यात थोडा बाक राहील इतकी. त्याने गुडघ्यांवर ताण कमी येतो हे खरं, पण ती पुढची पायरी. तेव्हा सीट वर घेता येईल एवढा तिचा दांडा लांब आहे ना, इतकंच आज पाहून ठेवावं.

आणि बिनदांडीची सायकल घ्यावी. घाबरून उतरताना पाय कशावरून टाकावा लागत नाही, हे किती मोठं सुख आहे! ‘लेडीज सायकल’ म्हणून पुरुष ती नाकारतात, याचं मला फार वाईट वाटतं. माझे थोरले दीर साठीत शिकायला निघाले होते, ते केवळ एवढ्यासाठी थांबले.

दुसरी सायकल मी घेतली ती २४ इंची चाकांची, बिनगिअरची, पावणेदोन इंच रुंद टायरची. गिअर वाईट नसतात, पण हँडल थरथरत असताना बोटांना आणखी एक काम नको. ब्रेकचं म्हणाल तर डिस्क की साधे यापेक्षा आपली बोटं ब्रेकपर्यंत नीट पोचतात का, ते बघावं. बऱ्याच ब्रेकना दांडी हँडलजवळ आणायचा एक बारीक स्क्रू असतो. माझ्या लहान हातांसाठी तो फिरवून घेतला आणि पकड एकदम बदलली.

घरी आणल्यावर आधी दोन्ही पेडल काढली. १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हे ठाऊक नसेल तर माणूस ते आणखीच आवळत बसतो. मग मैदानात सीटवर बसून नुसत्या पायांनी रेटत राहायचं. १८१७ साली कार्ल फोन ड्राइस यांनी जर्मनीत बनवलेली पहिली दुचाकी अशीच, पेडल नसलेली, पायांनी रेटायची होती. चौथ्या संध्याकाळी पाय उचलले ते पंधरा-वीस पावलांच्या अंतरापर्यंत टेकावेच लागले नाहीत. टायरखाली वाळू करकरत होती आणि सायकल ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला हँडल वळवायचं, हे हातांनी आपसूक धरलं होतं. त्या आठवड्याच्या शेवटी पेडल पुन्हा बसवली.

दुकानदारांना एवढीच विनंती, की मोठ्या वयाचं कुणी पहिली सायकल घ्यायला आलं तर किंमत सांगण्याआधी सीट खाली करून त्याला बसवून बघा. आणि आपण सायकलींविषयी पुन्हा छापाल तेव्हा एक रकाना आमच्यासाठी, अजून न शिकलेल्यांसाठी ठेवावा.

माझी सीट गेल्या महिन्यात दोन बोटं वर गेली आहे. आता टाचा टेकत नाहीत, चवडे टेकतात.

आपली नम्र,
एक वाचक