आईच्या मापाचा ओटा

चि. माऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा गुरुवारी मिस्त्रींनी टाइल्सच्या सांध्यांत शेवटचं ग्राउट भरलं, थापी-ओळंबा पोत्यात टाकला, आणि आपलं स्वयंपाकघर एकदाचं झालं. सव्वादोन महिने पुढच्या खोलीत शेगडी आणि न्हाणीघरात भांडी असा संसार चालला होता. फोटो आईने पाठवलेच आहेत. त्यांत दिसत नाही ते मी लिहितोय. तुझ्या फ्लॅटचं किचन याच महिन्यात ठरायचं आहे, तेव्हा हे पत्र नीट वाच.

आपला जुना ओटा १९८१ सालचा. त्या वर्षी घरात गॅस आला. तोवर आजी चुलीपुढे पाटावर बसून रांधायची. गॅससाठी उभ्याचा ओटा बांधायचा ठरलं, तेव्हा गवंड्याने आजीला उभं करून तिच्या हाताच्या बेताने कडप्पा बसवला. आजी चार फूट आठ इंच. तिच्यासाठी तो ओटा अगदी मापात होता. १९९२ साली तुझी आई या घरात आली, ती पाच फूट पाच इंच.

कडप्पा उचलायच्या दिवशी मिस्त्रींनी टेप लावला आणि म्हणाले, "वहिनी, २९ इंच आहे. नवा केवढा ठेवू?"

"होता तेवढाच ठेवा."

"एवढा बुटका कशाला?"

"सासूबाईंच्या मापाचा आहे. मला सवय झालीय."

मी दारातच उभा होतो. त्यांच्या हातातला टेप घेतला, आईला हात कोपरात दुमडायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजलं. ४१ इंच. कोपर आणि ओटा यांच्यात एक फुटाचं अंतर! हाताच्या कामाला ओटा कोपराच्या चार-सहा इंच खाली असावा. म्हणजे रोजचे चार-पाच तास, ३३ वर्षं, ती अर्धा फूट जास्त वाकत आली. तिची कंबर धरायची म्हणून आपण तेल लावलं, पट्टा आणला, एक्स-रे काढले, हाडांच्या डॉक्टरांचे उंबरे झिजवले. ओट्याला टेप कुणी लावला नाही.

माऊ, याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. आयटीआयमध्ये सुरुवातीलाच शिकवतात की बेंच व्हाइसचे, म्हणजे टेबलावरच्या काम पकडून ठेवणाऱ्या शिकंज्याचे, जबडे काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीवर यायला हवेत. वर गेले तर खांदे भरून येतात, खाली राहिले तर कंबर जाते. कुपवाडला कारखान्यात नवा पोरगा बुटका निघाला की मी स्वतः त्याच्या पायाखाली फळ्या ठोकून दिल्या आहेत. एकदोघांना नाही, कितीतरी जणांना. आणि संध्याकाळी घरी यायचो तेव्हा ओट्यावर वाकलेली तुझी आई समोर असायची. ते दृश्य माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ती वाकली आहे हेच मला दिसत नव्हतं. मी तिला तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मलाही कुठं कळलं होतं?" आणि चहा टाकायला पुढच्या खोलीत गेली.

मग उंची ठरवायला आम्ही दोन दिवस घेतले. मिस्त्रींनी दोन बाजूंना विटा रचल्या, वर सुताराची जाड फळी टाकली आणि आईला सांगितलं, "आता खरोखर काम करून बघा." एका विटेचा थर म्हणजे तीन इंचांच्या आसपास. फळी ३८ इंचांवर असताना आईने भाजी चिरली, तर मान ताठ, पाठ सरळ, एकदम खूश. मग परात ठेवून ज्वारीचं पीठ मळलं आणि भाकरी थापायला घेतली, तर खांदे कानाला लागायला आले. तळव्याला जोरच मिळेना, भाकरी कडेला चिरायला लागली. एक थर काढला. बरं वाटलं. आणखी थोडी खाली, ३४ वर आणली, तेव्हा परातीवर तिचा नेहमीचा ठेका लागला. मी टेप धरून बाजूला उभा होतो. सरळ पाठीने भाकरी थापताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

त्यातून कळलं की एकच उंची सगळ्या कामांना चालत नाही. जोर लावायच्या कामाला ओटा खाली हवा. शेगडीखालीही खालीच हवा, कारण शेगडीचीच उंची चार-पाच इंच, वर पातेलं, आणि आत डोकावायचं असतं. सिंकचं नेमकं उलटं. भांडी ओट्यावर नाही, सिंकच्या तळाशी घासतो, म्हणजे हात ओट्याच्या सात-आठ इंच खाली जातात. म्हणून शेगडी आणि भाकरीचा भाग ३४ इंच, आणि चिरायची जागा नि सिंक ३७, असा दोन पायऱ्यांचा ओटा केला. बघायला येणारे विचारतात, मध्येच पायरी का? आई त्यांना सगळं समजावून सांगते.

लाकूड अजिबात वापरलेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आपल्या गावभागातल्या या खोलीत साडेचार फूट पाणी होतं, ते तुला आठवतंच. पाणी उतरल्यावर प्लायच्या ट्रॉल्या भिजलेल्या पावासारख्या फुगून बसल्या होत्या आणि आतला गाळ महिनाभर वास सोडत होता. २०२१ ला पुन्हा तीच धावपळ. म्हणून या वेळी ओट्याखाली कडप्प्याचे उभे कप्पे आणि आत स्टीलच्या जाळ्या, पुढे होऊन ओढून बाहेर काढता येतील अशा. सगळे स्विचबोर्ड साडेपाच फुटांवर घेतले. पाणी आलंच तर जाळ्या उचलायच्या, माळ्यावर ठेवायच्या, मागे राहील तो दगड. तो धुतला की झालं.

स्टील घेताना सावध राहा. चांगलं, सहसा न गंजणारं ते ३०४ ग्रेडचं. एका दुकानदाराने जाळीला चुंबक लावून दाखवलं आणि "चिकटत नाही, म्हणजे ३०४ आहे" असं छातीठोकपणे सांगितलं. चुंबक २०२ ग्रेडलाही चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं. ते स्वस्त पडतं आणि मिठाच्या, ओलीच्या जागी लवकर गंजतं. दोन्ही ओळखायला थेंब टाकून बघायचं रसायन मिळतं. मी ते सोबत नेलं होतं, त्याची जाळी २०२ निघाली. आम्ही दुसरीकडून घेतली. बिलावर ग्रेड लिहून मागायचा, लिहून देत नसतील तर उठून यायचं.

वरचा दगड ग्रॅनाइट. कडप्पा चुनखडीचा असतो, लिंबू-आमसूल त्याला खातं. आपल्या जुन्या ओट्यावर पांढुरके डाग पडले होते ते त्यामुळेच. ग्रॅनाइटला आंबटाची भीती नाही. फक्त ढाळ बघून घे. आमच्याकडे पहिल्यांदा बसवला तेव्हा बादलीभर पाणी ओतून पाहिलं, तर निम्मं शेगडीकडे वळलं. मिस्त्रींनी एक शब्द न बोलता तो तुकडा उचलून पुन्हा बसवला. फार चांगला माणूस. तुझ्याकडेही पैसे चुकते करण्याआधी पाणी ओतून बघ.

जुना कडप्पा टाकवेना. मधोमध, जिथे आजी परात ठेवायची आणि नंतर आई, तिथे तो हाताला लागेल इतका गुळगुळीत झालाय. परसात दोन बुटके कट्टे बांधून त्यावर तो बसवला. आई सकाळी तिथे बसून कोथिंबीर निवडते. दुधाचं पातेलं उतू घातलं गुरुवारी संध्याकाळी, शेजारच्या काकूंना बोलावून. शिरा केला होता.

आता तुझं काम. तुझा किचनवाला ३४ इंच म्हणतोय ते त्याच्या कॅटलॉगचं माप आहे. तू आईसारखी उंच आहेस आणि जावईबापू तुझ्याहून उंच. सकाळचा डबा तेच करतात ना? मग चिरायची जागा त्यांच्या कोपरावरून ठरवा आणि पोळ्यांची तुझ्या. दोघांचीही मापं मला शनिवारी फोनवर सांग. घरात ज्या स्लिपर घालता त्या घालून मोजा, तेवढ्यानेही पाऊण इंचाचा फरक पडतो.

तुझे,
बाबा