नाताळचा फराळ २४ तारखेला सुरू होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत दरवर्षी २४ डिसेंबरला नाताळच्या पदार्थांचं पान येतं. गेल्या डिसेंबरच्या पानावर थराथरांचा बेबिंका, माडाच्या गुळाचा दोदोल, रव्याचा बाथ, तळलेले गोड कलकल आणि डुकराच्या मांसाचं सोरपोतेल अशा पाच कृती होत्या. कलकल सोडले तर यांतला एकही पदार्थ २४ ला वाचून २५ ला धड ताटात येत नाही. शिवाय बेबिंकाला ‘अंडी आवश्यकतेनुसार’ आणि दोदोलला ‘गूळ चवीनुसार’ असं छापलं होतं. चवीनुसार मीठ घालतात. बलक मोजूनच घ्यावे लागतात, कारण थर त्यांच्यावर धरतो.

चकलीची भाजणी कोणी नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री छापत नाही. नाताळचंही तेच, आणि फक्त आपल्याकडे नव्हे. इंग्लंडात पुडिंग ढवळायचा रविवार ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या चार आठवड्यांच्या आधीचा, नाताळच्या महिनाभर आधी असतो. जर्मनीत श्टोलन हा सुक्या मेव्याचा गोड पाव भाजून, वितळलेलं लोणी चोपडून, पिठीसाखरेत घोळवून दोन-तीन आठवडे मुरत ठेवतात. पोर्तुगालमध्ये २४ च्या रात्रीच्या जेवणाला कोन्सोआदा म्हणतात. त्यातला खारवलेला कॉड मासा दोन दिवस पाणी बदलत भिजवला नाही तर तोंडात धरवत नाही. कोन्सोआदा हा शब्द गोव्यात येऊन अर्थ बदलून बसला. तिथे शेजाऱ्यांकडे पाठवायच्या फराळाच्या ताटाला कोन्सुआद म्हणतात. मंगळूरकडे आणि मुंबईत त्याच फराळाला कुस्वार म्हणतात.

आता बेबिंका. ‘गोवन बेबिंका’ म्हणून त्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपल्या पानावर मात्र त्याचा केक झाला: सगळं एकत्र करा, बेकिंग पावडर घाला, १८० अंशांवर ४० मिनिटं भाजा. असा केक होईलही, पण तो बेबिंका नव्हे. बेबिंकात फुगवणारं काहीच नसतं. साडेसहा इंची भांड्यात सात थरांसाठी १० बलक, २५० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम मैदा, ४०० मिलि नारळाचं जाड दूध, अर्धा चमचा जायफळपूड, चिमूटभर मीठ आणि थरांवर घालायला सुमारे २०० ग्रॅम तूप लागतं. दूध दोन मोठ्या नारळांचं, पहिल्याच पिळणीचं हवं. दुसऱ्या पिळणीचं पाणचट दूध घातलं की थर रबरासारखा होतो.

साखर दुधात पूर्ण विरघळवावी. बलक काट्याने हलकेच मोडावेत. बीटरने फेसले तर हवा भरते, थराला भोकं पडतात. मग मैदा घालून मिश्रण गाळावं आणि अर्धा तास झाकून ठेवावं. भांड्यात मोठा चमचाभर तूप गरम करून सुमारे ११० मिलि मिश्रण ओतायचं. ज्या पळीने पहिला थर घातला तीच शेवटपर्यंत वापरावी, नाहीतर एक थर भाकरीएवढा आणि एक कागदाएवढा होतो. पहिला थर दोन्ही बाजूंच्या आचेवर, पुढचे सगळे फक्त वरच्या आचेवर. प्रत्येक थराला ८ ते १२ मिनिटं लागतात. वरून गडद तपकिरी रंग येईपर्यंत धीर धरायचा, मग गरम थरावर चमचाभर तूप फिरवून पुढची पळी ओतायची. इथेच बहुतेकांचा बेबिंका बिघडतो. थर पिवळा असतानाच पुढचा ओतला तर दोन्ही एक होतात आणि कापल्यावर गोड वडीसारखा एकसंध लगदा दिसतो. खालची आच चालू राहिली तर पाचव्या थरापर्यंत तळ जळून कडू होतो. एका बेबिंकाला दीड-दोन तास जातात, त्यात दुसरं काम होत नाही. पूर्ण गार झाल्याशिवाय उलटा करू नये, दुसऱ्या दिवसाआधी कापू नये. म्हणून तो २२ किंवा २३ ला करायचा.

दहा बलकांमागे दहा अंड्यांचं पांढरं उरतं, त्याबद्दल पानावर अवाक्षर नव्हतं. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठाबद्दल आख्यायिका सांगतात, की तिथल्या जोगिणी (नन) पांढऱ्याने कपड्यांना खळ करीत आणि उरलेल्या बलकांतून बेबिंका निघाला. आज पांढरं मार्झिपानला जातं. २५० ग्रॅम काजूची गुलाबपाण्यात वाटलेली पूड, तेवढीच साखर आणि एक-दोन पांढरं मंद आचेवर गोळा सुटेस्तोवर ढवळायचं. गोळ्याला तेल सुटलं की उशीर झाला, साच्यात भुगा होतो.

दोदोलला २५० ग्रॅम तांदळाचं पीठ, ८०० ग्रॅम ते १ किलो माडाचा काळा गूळ, चार-पाच नारळांचं जाड आणि पातळ दूध आणि मूठभर काजू लागतात. पीठ गार पातळ दुधातच कालवावं, गरम दुधात गाठी होतात आणि त्या पुढे मोडत नाहीत. माडाच्या गुळात कचरा असतो, तो विरघळवून गाळावा. उसाच्या गुळाने काम भागतं, पण रंग फिका येतो आणि ती धुरकट, किंचित खारट चव मिळत नाही. पातळ दुधात पीठ शिजलं की जाड दूध आणि गूळ घालून दोन तासांहून जास्त ढवळायचं. हाताला रग लागते म्हणून हे दोघांचं काम. गोळा कडा सोडतो, पण तेवढ्यावर उतरवू नये. त्यातून नारळाचं तेल सुटून कडेला दिसायला हवं. त्याआधी उतरवलेला दोदोल दाताला चिकटतो आणि तीन-चार दिवसांत त्याला बुरशी येते. नीट आटवलेला टिकतो, म्हणून तो १८ ते २० च्या दरम्यान उरकून टाकावा. याच नावाचा पदार्थ मलेशिया-इंडोनेशियात आहे आणि श्रीलंकेत त्याला कळू दोदोल, म्हणजे काळा दोदोल म्हणतात. तिथेही हात दुखेपर्यंत ढवळण्याला पर्याय नाही.

बाथमध्ये चूक एकच होते, घाई. २५० ग्रॅम रवा, २५० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम ओलं खोबरं थोड्या कोमट पाण्यात वाटून, १२५ ग्रॅम लोणी, तीन अंडी, अर्धा चमचा बेकिंग पावडर. बेकिंग पावडर सोडून सगळं रात्रभर मुरू द्यावं. रव्याला ओल प्यायला तेवढा वेळ लागतो. लगेच भाजला तर दाताखाली रवा कचकचतो आणि वरून तडा जातो. सकाळी मिश्रण घट्ट झालेलं असतं, ते थोड्या दुधाने सैल करून, बेकिंग पावडर घालून १८० अंशांवर सुमारे ४५ मिनिटं भाजावं. म्हणजे २३ च्या रात्री कालवून २४ च्या सकाळी ओव्हनमध्ये.

सोरपोतेल २२ ला. एक किलो चरबीसकट डुकराचं मांस, पाव किलो काळीज. अर्धवट उकडून, गार करून, बोराहून लहान तुकडे करायचे. गरम मांस कापलं तर चुरा होतो. काळीज वेगळं परतावं, कारण ते आधी कडक होतं. मसाला माडीच्या शिरक्यात वाटायचा, पाण्यात नाही. रस कमी वाटला तर मांस उकडलेलंच पाणी घालावं. मग रोज एकदा खळखळून उकळी, तिसऱ्या दिवशी चव बसते. ‘लगेच वाढा’ ही आपल्या पानावरची शेवटची ओळ वाचून वसईतल्या स्वयंपाकघरांत हशा पिकला असेल.

कलकलांना अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे तुपाचं मोहन, एक अंडं आणि लागेल तसं नारळाचं दूध. काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून वळताना शेवटची कड नीट चिकटवली नाही तर तेलात उलगडतात. पीठ ओल्या फडक्याखाली ठेवावं. साखर याहून वाढवली तर बाहेरून काळे, आतून कच्चे राहतात. पेराद, म्हणजे पेरूच्या गराची वडी, तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच करून ठेवावा.

अगदी २५ च्या सकाळीच करायचा पदार्थ म्हणजे मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती घरांतले फुगे, तळलेले गोल पाव, आणि नेमके तेच आपल्या पानावर नव्हते. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, नारळाचं दूध, मीठ, थोडी साखर आणि यीस्ट. पूर्वी यीस्टऐवजी ताडी असे. पीठ पोळीसारखं घट्ट भिजवलं तर फुगे फुगतच नाहीत. हाताला लोंबेल असं सैल हवं. ओल्या मुठीतून अंगठा आणि तर्जनीमधून गोळा दाबून तेलात सोडायचा. तेल मध्यम तापलेलं हवं. फार तापलं तर आत कच्चं पीठ राहतं. डिसेंबरच्या गारठ्यात पीठ यायला वेळ लागतो, म्हणून ते आदल्या रात्रीच भिजवावं.

तेव्हा यंदा हे पान नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी छापावं, अशी विनंती आहे. मापं ग्रॅममध्ये द्यावीत, आणि नारळ मोजताना दूध किती मिलि निघालं तेही लिहावं. अलिबागचा नारळ आणि मुंबईच्या बाजारातला नारळ सारखं दूध देत नाहीत.

आणि ‘ओव्हन नसल्यास बेबिंका कुकरमध्ये करा’ ही ओळ कृपया पुन्हा छापू नये. कुकरला वरून आच नसते. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं पहिल्या थरापुरतं अगदी मंद आचेवर ठेवून त्यावर सपाट लोखंडी झाकण ठेवावं, झाकणावर करवंट्यांचे निखारे. फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबरच्या पहाटेच्या मिस्सांनंतर, म्हणजे प्रार्थनांनंतर, चर्चबाहेर बिबिंगका विकतात; तो तांदळाचा, केळीच्या पानावर भाजलेला, एकाच थराचा असतो, पण त्याच्याही झाकणावर निखारेच असतात. निखाऱ्यांवर राख धरली की ती झटकावी, नाहीतर वरचा थर रंग घेत नाही.

आपल्या,
नाताळचा फराळ करून देणाऱ्या दोघी,
वसई