अण्णांचा तवा तडकला

टिळकवाडी, बेळगाव
आषाढातला रविवार

बाळ्या,

संक्रांतीनंतर पत्र नाही, शिव्या घाल. गुडघा बरा, आई बरी. पण हे तुलाच कळणार: अण्णांच्या डोशाच्या हॉटेलातला तवा गेला.

तोच, बिडाचा. त्यांच्या भाच्याने तापल्या तव्यावर गार पाण्याचा तांब्या ओतला. वरचा भाग आकसला, खालचा फुगलेलाच, मधोमध चीर. लोखंडी पत्रा नुसता वाकला असता. वेल्डिंग सुचवू नकोस. रोज तापून निवून बीड शेजारून पुन्हा सुटतं.

आज लोणी डोसा घरच्या नॉनस्टिकवर. पीठ तव्याला धरतच नाही, पळीमागे फिरतं. बूड पातळ, तिसऱ्या डोशालाच तवा गार. मग कसली जाळी! लोणी वरच तरंगतं. 'साकु', म्हणजे पुरे, म्हटल्यावरही लोण्याचा एक गोळा टाकणारे अण्णा आज खडू हातात धरून नुसते बसलेले. बाकावरचा हिशोबही चुकला.

आणि हो, जाळी सोड्याची म्हणून तू भांडायचास ना? अरे, चार वाट्या तांदूळ, एक उडीद, दोन चुरमुरे, अर्धा चमचा मेथी. चुरमुरे वाटणाआधी पाच मिनिटं भिजवायचे. पीठ आंबायला उन्हाळ्यात आठ तास पुरतात, या पावसात चौदा. जाळी त्या आंबण्याची. सोड्याचा डोसा पटकन लाल होतो नि जिभेवर साबण येतो. आज आला. पीठ आंबलं नव्हतं, भाच्याने चिमूट टाकली. आजच्यापुरता तू जिंकलास, मर.

खरी काळजी नव्या तव्याची. घासून वरचं तेल काढा, तीन दिवस तांदळाचं धुवण भरून ठेवा, रोज बदला. मग पुसून मंद आचेवर तेल लावून अर्ध्या कांद्याने चोळा, आपोआप निवू द्या. असं पाच-सहा वेळा. पहिले डोसे चिकटणारच, ते लाकडी उलथन्यानेच काढायचे. भाचा म्हणतो, एवढे दिवस हॉटेल बंद ठेवू की काय? त्याचंही खरं आहे. पण घाईत कच्चाच तवा चढवला की चिकटणार, चिकटला की तो पुन्हा नॉनस्टिक काढणार. इथे उद्यमबागेत लोखंड ओतणाऱ्या एवढ्या फाउंड्र्या, पण एकट्या तव्यासाठी साचा कोण करणार?

तुझ्या बदलीचं काय? धाकटीची परीक्षा झाली का?

पुण्याच्या जुन्या बाजारात बघ. चौदा इंची, जाड बुडाचा. उचलून धर, टिचकी मार. घंटेसारखा वाजला तर घे. बद्द वाजला तर आत चीर आहे.

तुझा,
नान्या